शोनेन नाइफचा नवा अल्बम: तिघी, चाळीस वर्षं आणि तेच कॉर्ड

बेसवाला_खामला (धागाकर्ता)

शोनेन नाइफचा 'अवर बेस्ट प्लेस' आलाय, २०२३ चा. आपल्या गाण्याबजावण्याच्या विभागात बहुतेक धागे नाट्यगीतांचे, नाहीतर कुठल्या सभागृहात कोणता कार्यक्रम आहे याचे. त्यामुळे हा किती चालेल कोण जाणे. दोन-चार ऐकणारे निघाले तरी पुरे.

ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानमधल्या ओसाका शहरात डिसेंबर १९८१ मध्ये तीन पोरींनी हा बँड सुरू केला. नाओको यामानो गिटार आणि गाणं, तिची बहीण अत्सुको ड्रम, मैत्रीण मिचिए नाकातानी बेस. सुरुवातीची बरीच वर्षं नोकऱ्या सांभाळून वाजवायच्या. रॅमोन्स या अमेरिकी पंक बँडसारखी सरळ ठोक गिटार आणि वरून साठच्या दशकातल्या मुलींच्या गटांसारखी गोड जोडगाणी. विषय म्हणाल तर आइस्क्रीम, सुशी, केळ्याचे वेफर्स, एवढंच काय, भांडी घासायच्या काथ्याच्या घासणीवरही गाणं आहे.

१९८५ मध्ये अमेरिकेतल्या ऑलिंपिया गावच्या के रेकॉर्ड्सने यांचा 'बर्निंग फार्म' कॅसेटवर काढला आणि ती कॅसेट तिकडच्या बँडवाल्यांमध्ये हातोहात फिरली. १९८९ मध्ये अमेरिकी बँडांनी मिळून फक्त यांचीच गाणी वाजवून एक अख्खा अल्बम काढला, त्यात सॉनिक यूथही होते. १९९१ च्या शेवटी निर्वाणा या अमेरिकी बँडने ब्रिटनच्या दौऱ्यावर यांना सोबत नेलं. त्यांचा 'नेव्हरमाइंड' अल्बम येऊन दोन-तीन महिनेच झाले होते, म्हणजे निर्वाणाचा भाव नुसता चढत असतानाचा दौरा. निर्वाणा पुढे तीन वर्षंही टिकली नाही. या तिघी अजून वाजवताहेत.

'तिघी' म्हणजे त्याच तिघी नव्हेत. मिचिए १९९९ मध्ये गेली. अत्सुको ड्रम सोडून बेसवर आली, मग लग्न होऊन अमेरिकेत गेली, काही वर्षांनी परत बेसवर. ड्रमवर २०१५ पासून रिसा कावानो. नाओको एकटीच पहिल्या दिवसापासूनची, आता साठी उलटलेली.

नव्या अल्बमात दहा गाणी. एक भाजीच्या तिखट करीवर, एक दुपारच्या चहावर, एक बाउमकुखन केकवर. शेवटचं पायलट या सत्तरच्या दशकातल्या स्कॉटिश बँडचं. आवाज तोच, कॉर्ड तेच, गाण्यांची लांबीही साधारण तीच.

मी स्वतः एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. चौदा जणांचा होता तो. त्यामुळे तिघांचा बँड ऐकला की माझा कान आधी रिकाम्या जागांकडे जातो. कीबोर्ड नाही, दुसरी गिटार नाही, कोणाची चूक झाकायला कोणी नाही. असं चाळीस वर्षं वाजवत राहणं मला तरी नवं काहीतरी करण्याइतकंच अवघड वाटतं. तुमचं काय मत?

तर्रीबाज

भौ, तिखट करी म्हंजे किती तिखट? सावजीच्या रस्स्याले टक्कर देते का नुसतंच जपानी तिखट? मी जपानी करी खाल्ली एकदा, थे तर गोड होती राजेहो. त्याच्यावर गाणं कायले पायजे.

बाकी गाणी आयकली. पोट्ट्यासोबत आयकली, त्याले लय आवडली. मले बी आवडली पण पोट्ट्यासमोर सांगितलं नाई.

मोनो_रेकॉर्ड

खामला, धागा चांगला आहे, पण शीर्षकात गॅरेज म्हटलं नाहीस तरी विभागाच्या लेबलात 'गॅरेज रॉक' टाकलंयस. त्यावर हरकत नोंदवतो. हा पॉप-पंक आहे, म्हणजे गोड चालींचा पंक. गॅरेज म्हणजे १९६३ ते ६७ च्या सुमारास अमेरिकेतल्या गावोगावच्या पोरांनी ब्रिटिश बँड ऐकून, ऐपत नसताना, घरच्या गाडीच्या शेडमध्ये जे ठोकलं ते.

त्याचा नमुना हवा तर किंग्समेनचं 'लुई लुई'. १९६३, पोर्टलंड. गाणारा जॅक एली. माइक इतका उंच टांगलेला की त्याला मान वर करून ओरडावं लागलं. गिटारचा तुकडा संपल्यावर तो कडव्यात लवकर घुसला, थांबला, ड्रमवाल्याने सांभाळून घेतलं. ती चूक तशीच रेकॉर्डवर छापली गेली. शब्द इतके अगम्य की त्यात अश्लील काही आहे का, याचा एफबीआयने तपास केला आणि शेवटी शेरा मारला की रेकॉर्ड कुठल्याही वेगावर लावली तरी शब्द समजत नाहीत. सरकारी खर्चाने झालेलं असं संगीतसमीक्षण दुसरं माझ्या पाहण्यात नाही.

पुढे १९७२ मध्ये लेनी केने हे सगळे विखुरलेले सिंगल्स गोळा करून 'नगेट्स' नावाचा दोन रेकॉर्डचा संच काढला, तेव्हा या प्रकाराला घराणं असल्यासारखी ओळख मिळाली. आणि आपल्याकडेही हे झालं होतं, बरं का. सिगारेटच्या एका ब्रँडच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' नावाची स्पर्धा व्हायची. शिलाँग, मद्रास, मुंबई अशा ठिकाणचे कॉलेजचे बँड त्यात उतरायचे. १९७० आणि ७१ च्या स्पर्धांच्या रेकॉर्ड निघाल्या. आज परदेशी संग्राहक त्या शोधत फिरतात.

एवढं सगळं झाल्यावर सांगतो की मला शोनेन नाइफ आवडतात. लेबल मात्र बदला.

बेसवाला_खामला (धागाकर्ता)

काका, लेबल नाही बदलणार. 'बर्निंग फार्म' ऐका. घरच्यासारखं रेकॉर्डिंग, ड्रम डब्यासारखे, आवाज मध्येच पट्टी सोडतो. तुमच्या पोर्टलंडच्या पोरांनी केलं ते गॅरेज आणि ओसाकाच्या पोरींनी वीस वर्षांनी तेच केलं तर पॉप?

तर्रीबाज, केकचं ऐक. बाउमकुखन मूळचा जर्मन. पहिल्या महायुद्धात जपान्यांनी कैद केलेला कार्ल युखहाइम नावाचा एक जर्मन मिठाईवाला होता. त्याने १९१९ मध्ये हिरोशिमातल्या प्रदर्शनात तो पहिल्यांदा विकला. तिथून तो जपान्यांचा इतका घरचा झाला की आता लग्नात भेट देतात. त्या केकच्या गोष्टीवर साठीची बाई तीन कॉर्डमध्ये गाणं करते. मला तर याच्यापेक्षा रॉक काही सुचत नाही.

पुणे_मुक्काम

मूळचा नागपूरच्या प्रतापनगरचा, आता नोकरीपायी पुण्यात. इथे सगळे कौतुकच करताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो.

अल्बम दोनदा पूर्ण ऐकला. वाईट नाही. पण हाच अल्बम १९९२ मध्ये आला असता तरी कळलं नसतं आणि २०४० मध्ये आला तरी कळणार नाही. साठीच्या बाईला चहाशिवाय सांगण्यासारखं काहीच नाही का? चाळीस वर्षांत आईवडील म्हातारे होतात, माणसं जातात, शहरं बदलतात. त्यातलं काही गाण्यात यायला नको?

तिघांच्याच बँडचं दुसरं उदाहरण देतो. न्यूयॉर्कचे येह येह येह्ज. केरन ओ, निक झिनर, ब्रायन चेस. २००० पासून तेच तिघे, बेसवाला नाहीच. २००३ चा 'फीव्हर टू टेल' म्हणजे नुसता आरडाओरडा, कच्चा आणि भन्नाट. मग २०१३ नंतर नऊ वर्षं अल्बम नाही, आणि २०२२ मध्ये 'कूल इट डाउन' आला. आठच गाणी. गिटार मागे, सिंथेसायझर पुढे, संथ, भारदस्त, तापत चाललेल्या पृथ्वीबद्दल. केरन ओ दरम्यान आई झालेली, ते गाण्यात ऐकू येतं. नवा अल्बम काढायचा तर असं काही हाताशी असावं, नसेल तर कशाला काढायचा?

टिकून राहिल्याचं एवढं कौतुक मला पटत नाही. आपल्याकडे खुर्चीला चिकटून राहणारे कमी आहेत का?

तर्रीबाज

पुण्याले गेलं की मानूस असा होते.

इंदोरा_एक्सप्रेस

पुणे_मुक्काम, तुमचं म्हणणं समजलं, पण आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो.

आमचा भीमगीतांचा ग्रुप आहे. वडील ढोलक वाजवायचे, आता मी वाजवतो. १४ एप्रिलच्या आसपास आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या गर्दीच्या दिवसांत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. वामनदादा कर्डकांची गाणी दरवर्षी होतात. लोकांना ती तोंडपाठ आहेत, तरी फर्माईश त्याचीच. मी ठेका थोडा बदलून पाहिला तर पुढे बसलेली म्हातारी हाताने खूण करते, 'सरळ वाजव'. तिला त्या ठेक्यावर टाळी देता आली पाहिजे, एवढीच तिची मागणी.

त्याच चालीवर आम्ही दरवर्षी नवी कडवी घालतो. मागे कडवं वस्तीतल्या नळाच्या पाण्यावर होतं, परीक्षेतल्या घोटाळ्यावर होतं. चाल ओळखीची असली की लोक शब्द नीट ऐकतात; चालही नवी आणि शब्दही नवे असले की माणूस मान डोलावतो आणि घरी जातो. तेव्हा केकच्या गाण्यात नवं काही नाही हे मला मान्य नाही. तो जर्मन कैदी नवाच आहे की.

दुसरं, पैशाचं. आमचा ग्रुप एकेकाळी अकरा जणांचा होता. मानधन वाटता वाटता भांडणं झाली, गाडी दोन कराव्या लागायच्या, एकाचं लग्न निघालं की कार्यक्रम रद्द. आता आम्ही चौघं. पेटी, ढोलक, दोन गळे. एका गाडीत मावतो, यजमानाच्या घरच्या जेवणावर भागतं, खेड्यातलं छोटं बोलावणंही घेता येतं. तुमच्या जपानी बायका चाळीस वर्षं टिकल्या त्यात कलेचा भाग असेलच, पण तिघींचा खर्च चौदा जणांपेक्षा कमी असतो हेही लिहून ठेवा. खामलाभाऊंचा ऑर्केस्ट्रा बंद का पडला ते त्यांनाच विचारा.

बेसवाला_खामला (धागाकर्ता)

बंद पडला तो याचमुळे. मंडपवाला म्हणायचा, डीजे एका माणसात येतो, तुम्ही चौदा. आमचे दोन ट्रम्पेटवाले लग्नाच्या बँडमध्ये गेले, ढोलवाला धुमाल पार्टीत. धुमालवाले मिनी ट्रकवर सगळं चढवून अख्ख्या वस्तीला नाचवतात, त्यांच्यापुढे आम्ही कोट घालून कोण उभे राहणार.

शिवणटिपण

मला रॉकमधलं ओ की ठो कळत नाही. मुलीने धागा दाखवला म्हणून गाणी लावली. आवाज गोड आहेत, पण माझं सगळं लक्ष कपड्यांकडे. वाचलं की कपडे ती अत्सुकोच करते. तीच बेस वाजवणारी ना?

फोटो मोठे करून पाहिले. तिघींचं कापड एक, पण काट सारखा नाही. शिवणारीला लगेच दिसतं. ड्रमवालीला खांद्यापाशी मोकळीक लागते, बाही घट्ट असली तर दुसऱ्या गाण्याला शिवण उसवेल. गिटारचा पट्टा ज्या खांद्यावरून जातो तिथे झालर नको, चुरगळते. हे बाहेरच्या शिंप्याला सांगून कळत नाही, वाजवणारीलाच कळतं. आमच्या भजनी मंडळाच्या साड्या एकसारख्या घेतल्या तेव्हा टाळवाल्या बायकांनी पदर कमरेला खोचला आणि पेटीवालीने सोडला, झालं, एकसारखेपणा तिथेच संपला.

आणि पुण्याच्या भाऊंना एक सांगते. साठीच्या बाईने काय गावं हे तुम्ही ठरवू नका. आम्ही मरणाबिरणाची भजनं रोजच म्हणतो. कोणी चहावर गाणं केलं तर बिघडलं कुठे?

पुणे_मुक्काम

काकू, तुमच्याशी वाद घालणार नाही. पण मी काय गावं हे ठरवत नाहीये, मला काय ऐकावंसं वाटतं ते सांगतोय. आणि इंदोरा भाऊंचा मुद्दा जोरदार असला तरी त्यांच्याकडे नवी कडवी वस्तीच्या पाण्यावर असतात. इथे चहावर आहे. फरक आहे.

मोनो_रेकॉर्ड

टिकण्याची गोष्ट निघालीच आहे तर डेड मून सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओरेगनमधले तिघे, १९८७ पासून. फ्रेड कोल आणि त्याची बायको टूडी, ड्रमवर अँड्र्यू लूमिस. फ्रेड साठच्या दशकापासून बँडांत होता, हे सुरू केलं तेव्हा चाळिशीला टेकलेला. नवरा-बायको पोटासाठी वाद्यांचं दुकान चालवायचे. रेकॉर्ड स्वतः काढायचे, आणि मोनोत, स्टिरिओ नाही. फ्रेडकडे १९५४ चं रेकॉर्ड कापायचं यंत्र होतं, त्यावर तो स्वतः मास्टर कापायचा, म्हणजे ज्यावरून बाकीच्या रेकॉर्ड छापतात ती मूळ तबकडी. आणि हे तेच यंत्र, ज्यावर वर सांगितलेलं 'लुई लुई' कापलं गेलं होतं.

ड्रमवर बाटलीत खोवलेली मेणबत्ती लावून वाजवायचे. युरोपात लोक जीव टाकायचे, आपल्या गावात फार कोणी विचारत नसे. २००६ ला थांबले, २०१४ ला पुन्हा जमले. लूमिस २०१६ मध्ये गेला, फ्रेड २०१७ मध्ये.

पुणे_मुक्काम, यांच्या गाण्यात मरण आहे, दारिद्र्य आहे, लग्न टिकवण्याची झटापट आहे. तुम्हाला हवं ते सगळं. आणि कॉर्ड तेच आहेत. तेव्हा वाद आवाजाचा नसून शब्दांचा आहे, हे आधी मान्य करा. मग मी तुमच्या बाजूने अर्धा येतो.

जपानचंच हवं तर गिटार वुल्फ. टोकियो, तेही १९८७, तेही तिघे. रेकॉर्डिंगमध्ये आवाजाच्या मीटरचे सगळे काटे लालमध्ये. सेजी नावाचा गिटारवाला कार्यक्रमात समोरच्या कुठल्याही पोराला वर ओढतो, गळ्यात गिटार अडकवतो आणि वाजव म्हणतो. येत नसेल तरी. बेसवाला बिली २००५ मध्ये वारला, तरी बँड थांबला नाही. हे घरी लावताना माझी बायको गॅलरीत निघून जाते.

हॉस्टेल_ब्लॉक_सात

सगळ्यांना नमस्कार. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मूळ वर्ध्याचा. धागा वाचून रूममेटला म्हटलं आपणही करू. मी गिटार, तो ड्रम (अजून घेतले नाहीत, टेबलावर वाजवतो). एक मुलगी आहे ती गाते. बेसवाला नाही. तर:

बेसशिवाय चालेल का?
कमी पैशात काय घ्यावं?
नागपुरात प्रॅक्टिस कुठे करायची? हॉस्टेलवर वॉर्डन दरवाजा वाजवतो, आमच्यापेक्षा जास्त तालात.

बेसवाला_खामला (धागाकर्ता)

बेसवाल्याला विचारतोस बेसशिवाय चालेल का. हिंमत आहे.

चालतं. वर येह येह येह्जचं नाव आलंच आहे. जॉन स्पेन्सर ब्लूज एक्स्प्लोजन हेही न्यूयॉर्कचे तिघे, दोन गिटार आणि ड्रम, बेस नाहीच. पण ते सोपं नाही. बेस काढला की खालचा मजला रिकामा होतो, तो गिटारला जाड तारा लावून किंवा स्वर एक सप्तक खाली नेणाऱ्या ऑक्टेव्ह पेडलने भरावा लागतो, आणि ड्रमवाल्याने टॉमवर (खर्जातल्या ड्रमवर) जास्त राहायला हवं. नवीन पोरांचा बँड यात पातळ ऐकू येतो. माझं ऐकशील तर त्या गाणाऱ्या मुलीलाच बेस दे. एका तारेवर मूळ स्वर धरून आठ-आठ मात्रा सरळ खालच्या दिशेने मारायच्या, एवढं यायला महिना पुरतो. रॅमोन्सवर वाढलेले अर्धे बँड त्यावरच उभे आहेत.

तिघांत सगळ्यात फसतं ते गिटारच्या सोलोला. गिटारवाला वरच्या तारांवर गेला की मागचे कॉर्ड नाहीसे होतात आणि गाणं बसकण मारतं. शोनेन नाइफ याला साधा उपाय करतात. सोलो छोटा, बहुतेक गाण्याचीच चाल, आणि मागे बेस जोरात. तू सोलो चार ओळींच्या वर नेऊ नकोस. गळे दोन ठेव. मधल्या जागा गळ्यांनी भरतात, त्याला पैसे लागत नाहीत.

घ्यायचं काय: गिटार आणि बेस जुने मिळतात, मान सरळ आहे का तेवढं बघून घे. अँप छोटा घे. खोलीत पाच-दहा वॉटचा पुरतो, पूर्ण मुरगाळला तरच तो कुरकुरीत आवाज येतो. मोठा अँप कमी आवाजात निर्जीव लागतो. गाण्यासाठी वेगळा स्पीकर हवाच. गिटारच्या अँपमध्ये माइक घुसवू नका, दोन्हीची वाट लागते.

आणि रेकॉर्डिंग फोनवर करा. एकच फोन, खोलीच्या मधोमध, ड्रमपासून लांब. गाणारी ऐकू येत नसेल तर फोन हलवायचा नाही, गिटारवाल्याने आवाज कमी करायचा. गटाची अर्धी शिस्त तिथेच येते.

लाकूडकाम

गिटार दुरुस्ती हौसेने करतो. वरच्या सल्ल्यात नागपूरचा उन्हाळा राहिला म्हणून लिहितो.

गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की दुपारी हवा वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. फ्रेटबोर्डचं (बोटं ठेवायच्या पट्टीचं) लाकूड आकसतं, त्यावरचे धातूचे आडवे फ्रेट आकसत नाहीत, आणि त्यांची टोकं कडेने बाहेर येतात. हात फिरवला की बोट कापतं. लोक म्हणतात गिटार खराब निघाली. गिटार बरी आहे, हवा कोरडी आहे.

मग त्याच खोलीत संध्याकाळी कूलर लावतात. वाळ्याच्या टट्ट्यातून ओली हवा थेट भिंतीवर टांगलेल्या गिटारवर. लाकूड पुन्हा फुगतं. दिवसभर आकस, रात्रभर फूग, असं दोन महिने. अकूस्टिकचा वरचा पाटा तडकतो तो यात. आणि तारा गंजतात त्या वेगळ्या.

उपाय फार नाहीत. वाजवून झालं की गिटार पेटीत बंद, पेटीत साबणाच्या भोकाच्या डबीत ओला स्पंज, पाणी पिळून काढलेला. कूलरच्या झोतात वाद्य नको. मान वाकली तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेऱ्याच्या वर एकदम फिरवू नये, एक दिवस थांबून बघावं. जूनमध्ये पाऊस पडला की सगळं पुन्हा बदलतं, तेव्हा एप्रिलमध्ये केलेली सेटिंग कायमची समजू नये. पेडलची बॅटरी बंद गाडीत ठेवू नये हे सांगायला नको.

इंदोरा_एक्सप्रेस

ढोलकचंही तेच. उन्हात पुडी अशी चढते की चाटी मारली तर काच फुटल्यासारखी वाजते. पावसाळ्यात मात्र नुसती ढब. सारखं उतरव-चढव.

शिवणटिपण

जागेचं: आमच्या मंडळाला मंदिराचा हॉल मिळतो, तुम्हाला नाही मिळणार. पण कायद्याचं लक्षात ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही, आणि राहत्या वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या भजनावरही शेजारच्यांनी एकदा तक्रार केली होती, तेव्हापासून मला हे आकडे पाठ आहेत.

बेसवाला_खामला (धागाकर्ता)

ड्रमचा एक सेट खोलीत १०० डेसिबलच्या वर सहज जातो, म्हणजे वस्तीत कठीण. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायच्या भानगडीत पडू नका, त्याने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. जुन्या गाद्या, जाड रजया, बंद फटी. सगळ्यात उत्तम म्हणजे हिंगणा एमआयडीसीकडे कोणाच्या ओळखीचा गाळा. रविवारी तिकडे चिटपाखरू नसतं.

तर्रीबाज

गाणं मी देतो. जपानी बाया केकवर करतात तं आपन काऊन नाई. तीन कॉर्डात बसवा:

सकायच्या पारी ठेल्यावर उभा,
पोह्यावर तर्री, तर्रीवर चना.
डोयातून पानी, नाकातून पानी,
तरी म्हने भाऊ, अजून आना.

दुसरं कडवं संत्र्याच्या भावावर करतो. पुण्यावाल्याले सामाजिक पायजे ना.

पुणे_मुक्काम

हे ऐकायला मी गाडी पकडून येईन. (संत्र्याच्या भावाचं कडवं आधी टाक.)

अल्बमबद्दल मत तेच आहे. बाउमकुखनचं आणि शेवटचं, दोन गाणी यादीत ठेवली, बाकी पुसली. मोनो काका, वाद शब्दांचा आहे हे मान्य. तुमचा अर्धा पाठिंबा पाठवून द्या.

मोनो_रेकॉर्ड

पाठवला. डेड मून ऐकल्याशिवाय उघडू नका.

हॉस्टेल_ब्लॉक_सात

गाणारी बेस शिकायला तयार आहे. तिची एकच अट, तर्रीचं गाणं असेल तरच. रूममेटच्या मामांचा हिंगण्याला गाळा आहे, पत्र्याचा, रविवारी रिकामा. ते म्हणाले वीज वापरा पण मशीनला हात लावू नका.

तर्रीबाज काका, पहिली ओळ लांब पडते, 'ठेल्यावर' काढून 'टपरीवर' करू का? ड्रमवर बसत नाहीये.

तर्रीबाज

टपरीवर चहा भेटते, पोहे ठेल्यावर. ड्रमवाल्याले सांग जरा हळू वाजव.

बेसवाला_खामला (धागाकर्ता)

पत्र्याचा गाळा म्हणजे सकाळी १० च्या आत आटपा, नंतर भट्टी होते. ड्रमखाली जाड सतरंजी टाका नाहीतर बास ड्रम पुढे सरकत जातो. माझा जुना दहा वॉटचा अँप पडून आहे, रविवारी घेऊन येतो. एक्स्टेन्शन बोर्ड अर्थिंगवाला आणा, तीन पिनांचा, दोन पिनांचा आणला तर मी वाजवू देणार नाही.